मनोरुग्णसेवेचे परदेशी शिक्षण व द्रव्याची तरतूद



चिकित्सा-मानसशास्त्राच्या अध्ययनार्थ आपली मुले अमेरिकेस जाऊ इच्छितात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु घर गहाण टाकण्यापूर्वी पदवीचा प्रकार पाहावा. तेथील पीएच.डी.स बहुधा शुल्कमाफी व अध्यापन-संशोधनसाहाय्याबद्दल वेतन मिळते. जागा मात्र थोड्या. साय.डी.चा खर्च बहुतांशी विद्यार्थ्यासच सोसावा लागतो. तेथील केंद्र सरकारचे विद्यार्थीसाहाय्य आपल्या मुलांस मिळत नाही; सत्रकाळात विद्यापीठाच्या आवारातील कामही आठवड्यास २० तासांपुरतेच. इकडे १८९२ साली स्थापन झालेला जे. एन. टाटा निधी कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. आपल्या शिक्षणनिधीनेही प्रवासखर्चापुरते बिनव्याजी साहाय्य द्यावे. इतरांची मने सावरू पाहणारा विद्यार्थी स्वतः ऋणचिंतेने खचू नये, एवढीच आमची विनंती.