हिवतापासाठी घरोघर तपासणी : हंगामी कर्मचाऱ्यांची नेमणूक

हिवताप प्रतिरोधाच्या कामासाठी दारावर येणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही वर्षभर येणारी : आरोग्य सेवक आणि गावची किंवा वस्तीची आशा स्वयंसेविका. ताप आलेल्या माणसाचा शोध घेणे, बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणे आणि औषध पुरे झाले की नाही ते पाहणे, हे त्यांचे काम. बाकीची हंगामापुरती घेतलेली. ग्रामीण भागात त्यांना फवारणीवाले म्हणतात, सरकारी कागदावर ते हंगामी क्षेत्र कर्मचारी असतात, आणि शहरात त्यांचे नाव ब्रीडिंग चेकर. हे ब्रीडिंग चेकर रोग्यापेक्षा पाण्याकडे जास्त पाहतात. कोणत्या घरात, कोणत्या भांड्यात डासाच्या अळ्या आहेत, याची नोंद ते करतात.

अशा तपासणीत खंड पडला की काय होते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या घरात आले होते. १९७६ मध्ये तो आकडा ६४ लाखांवर गेला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, कीटकनाशकाचा पुरवठा अपुरा पडला, हे खरेच. पण रुग्ण दिसेनात म्हणून घरभेटी सैल झाल्या, हेही त्यामागचे कारण होते. श्रीलंकेत १९६३ मध्ये साऱ्या देशात अवघे १७ रुग्ण सापडले होते. फवारणी आणि पाहणी ढिली पडली, आणि पाच-सहा वर्षांत रुग्णांची संख्या काही लाखांवर गेली. त्या देशाला हिवतापमुक्त म्हणून मान्यता मिळायला २०१६ साल उजाडावे लागले.

सोलापुरात या तपासणीचे महत्त्व पाण्यामुळे वाढते. शहराला उजनी, भीमेवरचे टाकळी आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव येथून पाणी मिळते. पण नळाला ते वर्षानुवर्षे काही दिवसांआड येत आले आहे. त्यामुळे घराघरात साठा असतो. सिमेंटचे हौद, प्लॅस्टिकचे बॅरल, गच्चीवरच्या टाक्या, रांजण. शहरी हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास नेमक्या अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सारी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची, असा कोरड्या दिवसाचा नियम सांगितला जातो. पण पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेली गृहिणी भरलेला बॅरल ओतून देत नाही, आणि तिला त्याबद्दल दोष देणे बरोबर नाही. तिच्यासाठी झाकण, गप्पी मासे किंवा टेमिफॉस या अळीनाशकाची योग्य मात्रा हाच मार्ग उरतो. तो तिच्या दारापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचवावा लागतो.

अशी किती माणसे लागतात, त्याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती. पाच माणसांचे एक घर धरले तर सुमारे १ लाख ९० हजार घरे होतात. एक कर्मचारी दिवसाला ५० घरे नीट पाहू शकेल असे मानले, तर आठवड्याच्या सहा दिवसांत ३०० घरे होतात. सारे शहर दर आठवड्याला पाहायचे तर सव्वासहाशेहून अधिक माणसे हवीत. एवढी माणसे वर्षभर पोसणे कोणत्याही महापालिकेला जड आहे. म्हणून जोखमीचे भाग निवडायचे, जोखमीचे महिने निवडायचे आणि तेवढ्यापुरती माणसे घ्यायची, असे धोरण ठरते. मात्र निवड चुकते ती बहुधा महिन्यांची. पाऊस पडल्यावर डास वाढतात असे धरून आदेश निघतात. सोलापुरात एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यातच साठवण आणि कूलर दोन्ही शिगेला पोहोचलेले असतात, आणि सर्वाधिक पाऊस पडतो सप्टेंबरात. जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना पाळायचा असेल तर भरती आणि प्रशिक्षण मेमध्येच उरकलेले हवे.

माणूस कोणता घ्यावा, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. दहावी पास, पायी फिरण्याची तयारी, नोंद लिहिण्यापुरते बरे अक्षर, एवढ्या अटी जाहिरातीत मावतात. खरी अट जाहिरातीत नसते : दार उघडले गेले पाहिजे, आणि नुसते दार नव्हे, तर मोरीपर्यंत आणि गच्चीपर्यंत जाता आले पाहिजे. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची घरे आहेत आणि तिथली घरची भाषा तेलुगू आहे. शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारेही तितकेच मुरलेले आहेत. विडी कामगार बाई दिवसभर घरीच विड्या वळत बसलेली असते. तिच्याकडे अनोळखी पुरुष आला तर तो उंबऱ्यावरूनच परततो. तिच्या बोलीतली, शेजारच्या गल्लीतली बाई मात्र सरळ हौदापाशी जाते. त्या-त्या पेठेतलीच माणसे आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया घेणे, हे शिक्षणाच्या अटीपेक्षा जास्त उपयोगाचे ठरते.

प्रशिक्षण लांबलचक नसते, पण ते टाळता येत नाही. ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पसरते, क्युलेक्स आणि एडिसची अळी डोके खाली करून तिरपी लोंबते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरले जात नाही. टॉर्च कसा धरायचा, पिण्याच्या पाण्यात औषधाची मात्रा किती, घरातल्या तापाच्या माणसाची माहिती आशाला त्याच दिवशी कशी द्यायची, हेही शिकवावे लागते. रक्त घेण्याचे काम मात्र प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी किंवा आशा यांच्याकडेच राहिलेले बरे.

रोजच्या नोंदीतून निर्देशांक निघतात. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या आढळल्या, तो घर निर्देशांक. शंभर भांड्यांपैकी किती भांड्यांत, तो भांडी निर्देशांक. हे मूळचे डेंग्यूच्या एडिस डासासाठीचे मोजमाप, पण एकाच फेरीत दोन्ही कामे होत असल्याने ते सर्रास वापरले जाते. पर्यवेक्षकाने काही घरे पुन्हा पाहायची असतात. घरी बसून भरलेला तक्ता ओळखणे अवघड नसते : त्यात एकही घर बंद नसते, कोणी नकार दिलेला नसतो, आणि रोजची संख्या अगदी गोल असते.

साखर कारखान्यांच्या परिसरातल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी मात्र कोणत्याच घरयादीत नसतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात, तेव्हा शहरातली हंगामी माणसे सहसा घरी गेलेली असतात. आषाढीपूर्वी पंढरपुरातल्या मठ-धर्मशाळांच्या टाक्या पाहण्याचे कामही असेच वेगळे आखावे लागते.

मोबदला रोजंदारीने मिळतो आणि काम संपले की नाते संपते. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या कामाची रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती ठेवली नव्हती. उमादेवी खटल्यात १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की नियमित निवड प्रक्रियेविना घेतलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला केवळ सेवेच्या मुदतीवर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्रात एक वाट मात्र उघडी ठेवलेली आहे. जिल्हा परिषदेच्या भरतीत आरोग्य सेवक, पुरुष या पदाच्या ५० टक्के जागा हंगामी फवारणी क्षेत्र कर्मचाऱ्यांसाठी धरल्या जातात आणि त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा अनुभव पाहिला जातो. त्यामुळे तरुणांना मजुरीपेक्षा अनुभवाचा दाखला मोलाचा वाटतो. अनुभवी माणूस टिकतो, हा त्याचा फायदा. दाखल्यापुरते काम करण्याची वृत्ती, हा तोटा. शिवाय पदाच्या नावातच पुरुष असल्याने, जिच्यामुळे मोरीपर्यंत वाट मिळते त्या बाईला ही शिडी नाही.

हंगाम संपताना हिशेब फक्त पगाराचा होतो. वास्तविक कोणत्या गल्लीत कोणत्या हौदात वारंवार अळ्या सापडल्या, कुठली गच्ची कुलूपबंद असते, कुठे बांधकामाच्या टाकीकडे कोणी फिरकत नाही, ही माहिती त्या हंगामाची खरी कमाई असते. ती घरक्रमांकासह वहीत उतरवून वस्तीच्या आशाकडे आणि शहराच्या हिवताप विभागाकडे दिली, तर पुढच्या मेमध्ये येणाऱ्या नव्या माणसाला पहिला आठवडा नुसते पत्ते शोधण्यात घालवावा लागत नाही.