अंगठा म्हणजे सहभाग नव्हे
(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नगररचना म्हटलं की आपली पोरं म्हणतात, ते इंजिनिअरचं काम, आपल्याला काय कळतंय? मी म्हणतो, नगररचना आपल्याइतकी भोगली कुणी? गावाचा नकाशा आखला तेव्हा देऊळ मध्ये, वाडे भोवती आणि आपण वेशीबाहेर. पाणवठा वेगळा, मसणवटाही वेगळा. त्या आराखड्यावर आपल्याकडून हरकती मागवल्या नव्हत्या. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले, ती मी त्या आराखड्यावरची हरकतच समजतो. त्याच १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. पुढं शहरानं हुसकलेली माणसं आणून टाकली ती त्याच कचऱ्याच्या कडेला. गावकूस मुंबईतही आलं. इथं त्याला वॉर्डाचा नंबर मिळाला, एवढंच.

आता कायदा बघा. १९६६च्या नगररचना कायद्यानं विकास आराखड्यावर हरकत घ्यायचा हक्क कुणालाही दिलाय. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या आणल्या. कागद सुंदर आहे! पण मार्च २०२२ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ज्यांना मत देता येत नव्हतं, त्यांची सूचना कोण ऐकणार?

आणि झोपडपट्टी पुनर्वसन? १९९५ला प्राधिकरण निघालं. सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागायची, पुढं ती एक्कावन्नवर आली. खोली २२५ चौरस फूट होती, मग २६९ झाली, मग ३००. आकडे हलले, प्रश्न तोच राहिला : हो की नाही? आमच्या वस्तीत बिल्डरचा माणूस फॉर्म घेऊन आला तेव्हा एका मावशीनं विचारलं, "दादा, मी पापड लाटते. ते वाळवायचे कुठं, ते हाय का ह्यात?" तो हसला. ते फॉर्मात नव्हतं. हातगाडी कुठं लावायची, पोरांनी अभ्यास कुठं करायचा, लिफ्ट बंद पडली तर म्हातारी उतरणार कशी, हेही नव्हतं. फक्त सहीची जागा होती. सगळं ठरल्यावर मागितलेला अंगठा हा सहभाग नव्हे, तो शिक्का आहे!

ह्यात आपलेही दलाल आहेत. निळा गमछा गळ्यात आणि बिल्डरचं पाकीट खिशात. कमिटी रातोरात होते, इतिवृत्त बिल्डरच्या ऑफिसात लिहिलं जातं. त्यांना भर सभेत हिशेब विचारा.

नकाशा परत पाठवता येतो, हे विसरू नका. २०१३ला मुंबईच्या जमीनवापराच्या नकाशांतल्या चुका वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी दाखवून दिल्या. फेब्रुवारी २०१५ला आराखड्याचा मसुदा आला, हजारो हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मागं घ्यावा लागला. नवा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. सगळं मनासारखं झालं नाही. पण साहेबाच्या रेघा खोडता येतात, हे सिद्ध झालं.

म्हणून बिल्डर यायच्या आधी आपला नकाशा आपण काढायचा. गल्ली-गल्ली फिरा. नळ किती, पाणी किती वाजता, संडास किती आणि त्यातले चालू किती, कोण घरात शिलाई करतं, भाडेकरू किती, सगळं वहीत लिहा. भाडेकरूला वगळू नका, नाहीतर आपणही एक वेस बांधू. सभा रात्री घ्या, बाया कामावरून आल्यावर, आणि पहिलं त्यांना बोलू द्या. ठराव सगळ्यांसमोर वाचा, मगच सह्या. हरकत मराठीत लिहा, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर २००५चा माहिती अधिकार वापरा. तरीही नाही आलं, तर सगळी वस्ती वॉर्ड ऑफिसवर.

वेशीबाहेरची जागा आपण निवडली नव्हती. ह्यापुढची जागा आपल्याला विचारल्याशिवाय कुणी ठरवायची नाही. वही उद्यापासून सुरू करा.

जय भीम!