सत्काराआधी यादी करा

(सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



तुमच्या दत्तक गावात ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा भरवण्याचे तुम्ही ठरवले आहे. कार्यक्रमपत्रिका मी पाहिली. सकाळी नेत्रतपासणी, दुपारी पंगत, मग भजन आणि अखेरीस पंचवीस वृद्धांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. यात वावगे काही नाही. कोणा तरुण मुलाने हात धरून मांडवात आणले, चार समवयस्कांच्या शेजारी पान वाढले गेले, तर म्हाताऱ्या माणसाचा तो दिवस बरा जातो. भजन तर अवश्य ठेवा. मला विचारायचे आहे ते इतकेच की, हे पंचवीस जण निवडले कोणी?

बहुधा गावोगाव ही निवड सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि एखादे निवृत्त गुरुजी एका बैठकीत उरकतात. त्यामुळे आयुष्यभर ज्यांच्या गळ्यात हार पडले, त्यांच्याच गळ्यात आणखी एक पडतो. तुमचे शिबिर हिवाळ्यात, म्हणजे ऐन गळीत हंगामात आहे. मुलगा-सून कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेलेली आणि म्हातारी नातवंडे, शेळी नि कुलूप सांभाळीत वस्तीवर मागे राहिलेली, अशी घरे या जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. ती तुमच्या मांडवात येणार नाही. शेळी कोणाच्या स्वाधीन करून येणार?

ही म्हातारी कोण आहे, याचा जरा विचार करा. आज सत्तरी ओलांडलेली बाई 1972च्या दुष्काळात ऐन विशीत होती. त्या वर्षी दुष्काळी कामांवर तिने खडी फोडली, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली. मिलोची भाकर आणि सुकडी खाऊन दिवस काढले. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने 1977 साली केला, तो या हातांनी मागितला म्हणून झाला. तुम्ही ज्या रस्त्याने एसटीने कॉलेजला येता, त्याच्या तळाशी कदाचित तिची खडी असेल. सरकारी नोकराच्या श्रमाला निवृत्तिवेतन असते, प्राध्यापकाच्याही असते. मी स्वतः ते घेतो आणि त्यात मला कोणी उपकार केल्यासारखे वाटत नाही. तिच्या श्रमाचा हिशेब मात्र आपण दानधर्माच्या वहीत लिहितो.

आता सरकारची वही पाहू. वृद्धांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना 1995 साली सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा महिना 75 रुपये होता. 2007 साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, तेव्हा तो 200 रुपये होता. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो तेथेच थांबला. दरम्यान किमती सुमारे तिप्पट झाल्या. म्हणजे कागदावर रक्कम न बदलता तिचे दोन तृतीयांश मोल काढून घेतले गेले आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याला सभागृहात उठून कपातीची घोषणा करावी लागली नाही. महागाईचा हा गुण अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ठळकपणे सांगितलेला नसतो.

महाराष्ट्र राज्य स्वतःची भर घालते. श्रावणबाळ योजनेतील रक्कम 2023 साली 1,500 रुपये झाली, ही गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. पण दारावरची अट बघा. वय 65 पूर्ण हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. घरातल्या एकाने 71 दिवस काम केले की मर्यादा ओलांडली! कायद्याने त्या कुटुंबाला हमी 100 दिवसांची दिलेली. सरकारने आपले एक वचन पूर्ण पाळले असते, तर त्याच कुटुंबातली म्हातारी दुसऱ्या वचनाला मुकली असती.

याहून विलक्षण प्रकार पुढे आहे. 2024 साली लाडकी बहीण योजना आली. वयाची अट 21 ते 65, उत्पन्नमर्यादा अडीच लाख, रक्कम तीच 1,500. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी बाई मदतीला पात्र, ती पासष्टी ओलांडताच, गुडघे चालेनासे झाल्यावर, एकाएकी अपात्र ठरते. कारण आता तिला अडीच लाखांच्या नव्हे, 21 हजारांच्या चाळणीतून जायचे असते. स्त्रियांच्या हाती पैसा देण्यास माझा विरोध नाही. मतदानाच्या वर्षात जी उदारता सुचते ती म्हातारपणाच्या उंबरठ्यावर का आटते, एवढेच विचारायचे आहे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने 2012 साली पेन्शन परिषदेने दिल्लीत मागणी केली होती ती सर्व श्रमिक वृद्धांना किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळावे अशी. ती अजून मागणीच आहे.

कोणी म्हणेल, आईबापांना मुलांनी सांभाळावे. त्यासाठी 2007चा कायदाही आहे. परंतु जो मुलगा मुकादमाची उचल फेडण्यासाठी बायकोसह थळात पाचट जाळतो आहे, त्याच्यावर प्रांताकडे दावा लावून म्हातारीच्या पदरात काय पडणार?

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. वर्षाला 120 तास काम तुमच्याकडून अपेक्षित असते. त्यातले निम्मे तास मेळाव्याआधी खर्च करा. दोघादोघांच्या जोड्या करा, त्यात एक मुलगी असू द्या, आणि गावठाण, वाड्या, वस्त्या, पाले अशी घरे मोजा. साठीपुढची माणसे किती, निवृत्तिवेतन कोणाला चालू, कोणाचे बंद पडले आणि कशामुळे, हे लिहून काढा. कारणे तुम्हाला फार ओळखीची वाटतील. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही. आधार आणि बँकेचे खाते जुळत नाही. राबून राबून बोटांच्या रेघा पुसल्या, म्हणून यंत्र ठसा घेत नाही. वयाचा पुरावा नाही. आमच्या पिढीतल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख ठोकून दिली, त्यामुळे निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. पण ही बाई शाळेची पायरीच चढली नाही, तिच्या वाट्याला ती खोटी तारीखही आली नाही.

याला राजकारण म्हणून तुमच्या कार्यक्रमाधिकाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. अर्ज सरकारचा, योजना सरकारची, आणि वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्याचे कलम 41 राज्यघटनेचे. मांडवात नेत्रतपासणीच्या शेजारी एक टेबल अर्जांसाठी मांडा. तलाठी भाऊसाहेबांना आणि बँकमित्राला आठवडाभर आधी लेखी निमंत्रण द्या. जे चालू शकत नाहीत त्यांच्या घरी तुम्ही जा. शेळीचा प्रश्नही आपोआप सुटेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी हात ओले करायला सांगितले, तर नाव आणि तारीख टिपून प्राचार्यांमार्फत तहसीलदारांना कळवा. तुम्ही पन्नास जण आहात, एकटी म्हातारी नाही.

शालींचे पैसे वाचले तर झेरॉक्सला वापरा. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा, तहसील कचेरीतल्या संजय गांधी योजना शाखेत एक देऊन दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ती पोच अर्जदाराच्या हाती द्या आणि क्रमांक तुमच्या वहीत उतरवून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुकडीला विचारणा करायला कचेरीत जाता येईल.