रंगाऱ्यांच्या गावी आपले स्वागत



झाडांची पालवी, मोहोर आणि फळधारणा यांचा विचार करणारी ही परिषद शहर सोडून कन्नड तालुक्यात, आमच्या देवगाव रंगारीत भरते आहे, याचा गावाला मोठा अभिमान वाटतो.

पाहुण्यांना सांगण्यासारखे आमच्याकडे पुष्कळ आहे. वेरूळ आहे, पितळखोरे आहे. पण आज मला आठवण होते ती रंगाऱ्यांची. गाव त्यांचे नाव अजून मिरवते, पण त्यांच्यातल्या एकाचेही नाव कुठल्या दगडावर कोरलेले नाही. कापड रंगवणाऱ्याला झाडाचा हंगाम चुकवून चालत नसे. पळसाची फुले फाल्गुनात वेचायची, वाळवायची, उकळून पिवळा-केशरी रंग काढायचा. लाल हवा तर आल या झाडाची मुळे खणायची. १८६९ मध्ये युरोपात मंजिष्ठेचा लाल रंग रसायनशाळेत बनवण्याची रीत सापडली आणि पुढे अशा स्वस्त रंगांनी आलाचाही बाजार उठवला. आपल्या शास्त्राचा इतिहास लिहाल तेव्हा या कारागिरांना मानाचे पान द्या.

उद्या आपण गौताळ्यात जाल. १९८६ साली अभयारण्य झालेले हे सुमारे २६१ चौरस किलोमीटरचे पानगळीचे रान. तिथला अंजन अवश्य पाहा. तो फुलतो पावसाळ्यात, शेंगा पिकतात पुढच्या उन्हाळ्यात, आणि भरघोस बी धरतो ते तीन-पाच वर्षांतून एकदा. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बी टोकाला. वारा सुटला की गिरक्या घेत लांब जाऊन पडते. पावसाचा थेंब नसताना, ऐन उन्हात अंजनाला तांबूस पालवी फुटते. ती कशाच्या भरवशावर, हे आम्हा शेतकऱ्यांना आपल्याकडून ऐकायचे आहे.

आता व्यवस्थेविषयी. निवास शाळेच्या वर्गांत आहे, पाणी टँकरचे आहे, वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पंखे कमी पडले, अंघोळीला ताटकळावे लागले, तर उदार मनाने क्षमा करावी. ज्वारी-डाळ देणारे व्यापारी, मंडपाचे भाडे सोडणारे मंडपवाले, दूध पोचवणारे शेतकरी, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, स्वतःची अंथरुणे-पांघरुणे आणून देणारी घरे, या सर्वांचे आमची स्वागत समिती ऋण मानते. कुणाचा उल्लेख राहिला असल्यास राग नसावा.

एक विनंती आहे. निघण्यापूर्वी आमच्या शाळेतल्या मुलांना एकेक झाड नेमून द्या आणि त्याच्या पानाफुलांची नोंदवही कशी ठेवायची ते शिकवून जा. वह्यांचा खर्च समिती करील.