निचऱ्याचा आकडा आणि मुलाचे मूत्रपिंड

 बालशल्यचिकित्सा, मूत्ररोग व न्यूक्लिअर मेडिसिन या शाखा आज या परिषदेत एका सभागृहात बसल्या आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. मुलाच्या मूत्रपिंडाचा निचरा एक जण मोजतो, दुसरा त्यावरून शस्त्रक्रिया ठरवतो. दोघांत बोलणे झाले नाही, तर त्याची किंमत ते मूल मोजते.

अँडरसन आणि हाइन्स यांनी 1949 मध्ये मांडलेली पायलोप्लास्टी, म्हणजे मूत्रपिंडाचा अडलेला निचरा मोकळा करणारी शस्त्रक्रिया, आज भरवशाची आहे. अवघड आहे तो शस्त्रक्रियेचा निर्णय. गर्भावस्थेतील सोनोग्राफीत दिसणारी मूत्रपिंडाची सूज अनेक बाळांत आपोआप ओसरते. म्हणून आपण रेनोग्रामकडे, म्हणजे शिरेतून दिलेले किरणोत्सारी द्रव्य मूत्रपिंडातून किती वेगाने उतरते ते मोजणाऱ्या तपासणीकडे, वळतो. लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड दिल्यावर निम्मे किरणोत्सारी द्रव्य 10 मिनिटांच्या आत उतरले तर निचरा चांगला, 20 मिनिटांहून अधिक लागली तर अडथळ्याची शंका, असा प्रघात आहे. पण हा वेळ केवळ पेल्व्हिस (मूत्रपिंडातील लघवी साठण्याची पोकळी) आणि मूत्रवाहिनी यांच्या सांध्याच्या अरुंदपणावर ठरत नाही. बाळाच्या शरीरात पाणी किती आहे, मूत्राशय भरलेले आहे का, मूल आडवे आहे का, मूत्रपिंड औषधाला कितपत प्रतिसाद देते, या सगळ्यांनुसार तो बदलतो. शस्त्रक्रियेनंतर तर हे अधिकच जाणवते. रुंद हौदाची तोटी मोकळी असली, तरी तो रिता व्हायला वेळ लागतो. तसेच सैल, फुगलेल्या पेल्व्हिसचे होते. तिथे मंद आलेख पाहून शस्त्रक्रिया फसली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की मुलाला उभे धरून आणि मूत्राशय रिकामे झाल्यावर घेतलेल्या उशिराच्या चित्रात उरलेला साठा पाहिल्याशिवाय अडथळ्याचा शेरा देऊ नये. आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची तपासणी एकाच पद्धतीने करावी.

यावर आक्षेप येईल, की आकडा सोडला तर प्रत्येक जण आपल्या अंदाजाने चालेल. आकडा सोडायचा नाही. त्याला एकट्याने निकाल द्यायला लावायचे नाही. त्याच्या शेजारी दोन्ही मूत्रपिंडांतील कार्याची वाटणी आणि सोनोग्राफीतील बदल ठेवायचे. निचरा मंद असूनही कार्य टिकून असेल आणि सूज वाढत नसेल, तर सावधपणे लक्ष ठेवता येते; कार्य घसरत असेल तर थांबण्यात धोका आहे. दुसरा आक्षेप वेळेचा आणि किरणोत्साराचा. उशिराच्या चित्रासाठी नवे इंजेक्शन लागत नाही. द्रव्य शरीरात आधीच असते. थोडा अधिक वेळ मात्र द्यावा लागतो, आणि नको असलेली शस्त्रक्रिया टळणार असेल तर तो द्यायलाच हवा.

या परिषदेतून पाणी, औषध, शरीराची स्थिती आणि उशिराचे चित्र यांविषयी एक समान लेखी पद्धत घेऊन आपण परत जावे, एवढीच विनंती करतो.