दहा दिवसांची शाळा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा 'परदेशी शाळेची दहा दिवसांची भेट' असे आम्ही जरा भीतभीतच कळविले. परदेशाहून परतलेला मनुष्य हा श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारा प्राणी आहे, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. त्यातून दहा दिवसांत परतलेला तर अधिकच! म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, जपान हा देश कसा आहे ते आम्ही आज सांगणार नाही. ते आम्हांस कळलेले नाही.

दुसरा खुलासा 'आम्ही' या शब्दाचा. आम्ही म्हणजे दोघे शिक्षक. एकजण गणित शिकवितो, दुसऱ्या बाई मराठी शिकवितात. बोलण्याकरिता गणितवाल्याला पुढे केले आहे; बाई समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि चुकलो तर त्या खुणावणार आहेत.

२०१९ सालच्या मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही नववीची परीक्षा दिलेली सोळा मुलेमुली घेऊन पुण्याहून ओकायामास गेलो. दहावीचे वर्ष तोंडावर असताना मुलांना दहा दिवस अभ्यासापासून दूर नेणारे मास्तर, अशी आमची ख्याती त्या वेळी झाली होती. ओकायामाचे नाव आपणांपैकी अनेकांस नवीन नसेल. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते पुणे-ओकायामा मैत्रीचे उद्यान होय. ते २००६ साली खुले झाले आणि त्याचा नमुना ओकायामाच्या कोराकुएन बागेचा. मूळ बाग १७०० साली पुरी झालेली. तिच्यात हिरवळीच्या जोडीला भाताचे वाफे आणि चहाचा मळाही राखलेला आहे. त्या बागेत पाऊल टाकताच आमच्यातला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "सर, ही तर आपल्या सिंहगड रोडच्या बागेसारखीच दिसते!" तीनशे वर्षांची बाग बिचारी नक्कल ठरली. बाईंनी त्याला दटावले, पण आम्हांस वाटते, तो अगदीच चूक नव्हता. मनुष्य घरून जी फूटपट्टी घेऊन निघतो तिनेच जग मोजतो. प्रवासाने झालाच तर एवढाच फरक होतो की, आपल्या हातात फूटपट्टी आहे हे त्याला कळू लागते.

आता कोणी विचारील, त्याकरिता एवढ्या दूर जावे लागते काय? प्रश्न रास्त आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका पडली, आणि १९१६ साली त्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे केले. पुस्तिका वाचून ज्याला एवढे करता येते, त्याला विमानाच्या तिकिटाची काय गरज? माहिती हवी असेल तर प्रवास हे फार महाग साधन आहे. आज तर मुलांच्या खिशातल्या फोनवर जपानची गल्लीन्‌गल्ली दिसते. आमच्या मुलांनी निघण्यापूर्वीच सारे पाहून ठेवले होते. बुलेट गाडी, वळणावळणाचे रस्ते, बर्फातली माकडे, सगळे.

पण एक गोष्ट त्यांनी पाहून ठेवलेली नव्हती, ती म्हणजे स्वतः निरक्षर होणे.

आमच्यात एक मुलगी होती, पहिल्या तीन क्रमांकांत येणारी. चार भाषा लिहितावाचता येणारी म्हणून तिचे घरी कोण कौतुक! ओकायामाच्या पहिल्या रात्री ती यजमानांच्या घरी स्नानगृहात गेली, आणि तेथल्या भिंतीवरच्या डझनभर बटनांपुढे पाऊण तास उभी राहिली. कोणते बटन पाण्याचे, कोणते मदतीच्या घंटेचे, काही वाचता येईना. विचारावे तर शब्द नाही, आणि लाज वाटते. शेवटी तिने तशीच झोप काढली. दुसऱ्या दिवशी हे सांगताना ती हसत होती, पण मधेच थांबून म्हणाली, "बाई, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बस आली की शेजारच्याला नंबर विचारतात. मला वाटायचं, एवढे आकडे शिकायला काय होतं?" बाईंनी यावर काहीही बोलू नये, असे ठरविले, आणि आमच्या मते तो त्या प्रवासातील त्यांचा सर्वांत चांगला धडा होता.

शाळेचे वर्णन थोडक्यात उरकतो. बूट दाराशी काढून आतले निराळे जोडे घालायचे. दुपारचे जेवण वर्गातच, मुलांनीच पांढरे डगले आणि टोप्या घालून एकमेकांस वाढायचे. जपानात शालेय भोजनाचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि तेथे जेवण हा शिक्षणाचाच भाग समजतात. जेवणानंतर वीसेक मिनिटे झाडलोट. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरील बोळ दोन मुले ओल्या फडक्याने ओणवी होऊन धावत पुसत होती. त्याची त्यांनी शर्यतच केली होती. जपानी शाळांत सफाईला नोकर नसतात असे आपल्याकडे छापून येते, ते खरे नव्हे. डागडुजीला व इतर कामांना माणसे असतात. पण आपला वर्ग आपण झाडायचा, एवढे मात्र ठाम. या झाडूकडे आम्ही पुन्हा वळणारच आहोत.

त्याआधी जे सांगण्याकरिता आम्ही खरोखर उभे आहोत, ते सांगून टाकतो. त्यात आमची बाजू लंगडी आहे.

आमच्यातला एक मुलगा कडक शाकाहारी घरातला. घरात माळकरी आजोबा. जपानात शाकाहारी माणसाची अडचण मांसाची नसून माशाची आहे. सुकविलेल्या माशाचा अर्क तेथे वरणाच्या हिंगासारखा सर्वत्र असतो. नुसत्या भाजीच्या रश्शातही असतो. हे सारे आम्ही आधी लिहून कळविले होते. त्याच्या यजमानीणबाईंनी ते मनावर घेतले आणि माशाऐवजी समुद्रशेवाळाचा अर्क काढून त्याच्यासाठी निराळे सूप केले. तिसऱ्या रात्री, मुलाला घरची आठवण येत असेल म्हणून, त्यांनी मुद्दाम 'करी' केली. जपानी करी आपल्या आमटीहून गोडसर आणि दाट असते, आणि तिचा मसाला वड्यांच्या रूपात दुकानात मिळतो. बटाटे, गाजर, कांदा. मुलगा दोनदा मागून जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती बाई मुलाला घेऊन आमच्या मुक्कामी आली. हातात त्या मसाल्याची रिकामी पेटी. रात्री आवरताना तिने पेटीवरचा बारीक मजकूर वाचला होता, आणि त्या वड्यांत जनावराची चरबी असल्याचे तिच्या ध्यानात आले होते. दुभाष्यामार्फत तिने हे सर्व सांगितले, पेटी टेबलावर ठेवली, आणि कमरेत वाकून उभी राहिली. कितीतरी वेळ ती वर पाहीना.

श्रोतेहो, पेटी केराच्या टोपलीत टाकली असती तर हे कोणास कळले असते? मुलगा सुखाने जेवून झोपला होता. त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. आम्हांसही नाही.

मुलगा पांढरा पडला. त्या दिवशी तो पाण्याशिवाय काही घेईना. आणि आम्ही काय केले? आम्ही त्याला एका बाजूस घेऊन म्हटले, "झाले ते झाले. घरी फोनवर हे बोलू नकोस. आजोबांना उगाच त्रास." आम्हांस चिंता आजोबांची नव्हती. परत गेल्यावर पालकसभेत काय होईल, पुढल्या वर्षी सहलीस परवानगी मिळेल की नाही, याची होती.

संध्याकाळी त्याने घरी फोन केला आणि सारे सांगितले. का सांगितलेस, म्हणून आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, त्यांना पण न सांगता आलं असतं." एवढेच. आणि तो त्यांच्याच घरी परत गेला. घर बदलून देण्याची आमची तयारी होती; ती त्याने नाकारली.

आजोबा फोनवर काय म्हणाले, हे आम्हांस पुष्कळ दिवस कळले नाही. मुलाने सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. ते पालकसभेला आले तेव्हा आम्ही खाली मान घालून बसलो होतो. त्यांनी सभेत एकच प्रश्न विचारला: त्या बाई वर मान कधी करू लागल्या?

दोन दिवसांनी आम्ही हिरोशिमास गेलो. तेथल्या शांतता-संग्रहालयाची मुख्य इमारत दुरुस्तीनंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा उघडली होती. तेथे शिगेरू ओरिमेन नावाच्या मुलाचा जेवणाचा डबा आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी इतर शाळकरी मुलांबरोबर तो घरे पाडून मोकळी जागा करण्याच्या कामावर गेला होता. आईने त्याचा देह शोधला तेव्हा डबा त्याच्यापाशीच होता. आतले अन्न कोळसा झालेले. आमच्या मुलांपैकी बहुतेकजण त्याच्याच वयाच्या आसपासचे. तेथे काही शिकविण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर बागेत जपानी शाळांची लहान मुले पिवळ्या टोप्या घालून रांगेने सादाकोच्या पुतळ्याकडे चालली होती, त्यांच्या मागोमाग आमचीही गेली. बाँबच्या वेळी सादाको दोन वर्षांची होती. १९५५ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. परतीच्या गाडीत नेहमीच्या भेंड्या झाल्या नाहीत.

आता झाडू. जूनमध्ये शाळा उघडली आणि या सोळाजणांनी दहावीचे वर्ग आपण झाडणार, असे जाहीर केले. आम्हांस वाटले होते की, विरोध करतील ते पालक. त्यांनी केलाच. "झाडू मारायला का एवढे पैसे भरले?" असे एका गृहस्थांनी विचारले, आणि त्यांच्या आवाजातला झाडूचा उच्चार ज्यांनी ऐकला त्यांना, आपल्या देशात त्या वस्तूला जात चिकटलेली आहे, हे निराळे सांगावयास नको. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी जन्मभर हातात खराटा धरला, त्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट आहे. पण खरा अडसर निराळाच निघाला. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी कंत्राटावर आहेत. त्या चौथ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, पोरं झाडायला लागली तर मला काढणार का?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि जपानहून आणलेल्या सामानातही ते नव्हते. तेथला झाडू उचलून आणणे सोपे आहे; तो ज्या भिंतीला टेकून उभा असतो ती भिंत आणता येत नाही. मुलांनीच वाटाघाटी केल्या. वर्ग मुलांनी झाडावे, मावशींचे काम कमी झाले तरी पगार व नेमणूक तशीच राहावी, असा अर्ज त्यांनी लिहिला. त्यावर पहिली सही चार भाषा येणाऱ्या त्या मुलीची होती. व्यवस्थापनाने तो 'विचारार्थ' ठेवला. मुले दहावी होऊन गेली, अर्ज अजून विचारातच आहे. मात्र वर्ग झाडण्याची पद्धत दोन तुकड्यांत कशीबशी टिकून राहिली आहे, आणि मावशीही आहेत.

एक गोष्ट आम्हांस स्वतःहून कबूल केली पाहिजे. या प्रवासाला प्रत्येकी सव्वा लाखाच्या घरात खर्च आला. सोळाजण गेले, ते परवडले म्हणून गेले; ज्यांना गरज होती म्हणून नव्हे. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली, तीत एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, तिथले घर, तिथले जेवण जाणावे, हाच विचार होता. तमिळ लिपीपुढेही आमची मुलगी तितकीच निरक्षर ठरली असती, आणि मदुरैचे तिकीट कितीतरी स्वस्त आहे. मग आम्ही मदुरैस का गेलो नाही? आम्ही एकमेकांस हे अनेकदा विचारले. खरे उत्तर असे की, मदुरैच्या नावावर पालक पैसे काढून देत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही तेथे एका शाळेला पत्र घातले आहे.

राहता राहिली परतफेड. या भेटींचा नियम असा की, तुम्ही गेलात तर त्यांनीही यायचे. ओकायामाची मुले मार्च २०२० मध्ये यावयाची होती. करोनाची साथ आली आणि सारे थांबले. ती मुले मोठी झाली, आमचीही कॉलेजांत पांगली. अखेर २०२३ सालच्या डिसेंबरात त्या शाळेची नवी तुकडी पुण्यास आली. त्यांत त्या मसाल्याच्या पेटीवाल्या बाईंची धाकटी मुलगी होती. ती कोणाकडे उतरणार, हे ठरविण्याचा प्रश्नच आला नाही. मुलगा त्या वेळी बाहेरगावी इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात होता. घरी आईवडील, आजी आणि आजोबा.

मुलगी पोचली त्या संध्याकाळी आम्ही चौकशीला गेलो. आजी ओट्यापाशी उभी होती, आणि आजोबा चष्मा लावून टेबलाशी बसले होते. समोर घरातली सगळी पाकिटे मांडलेली: गोडा मसाला, पापड, लोणचे, बिस्किटे. मुलीने आणलेल्या कागदावर, तिला शेंगदाणे चालत नाहीत, असे लिहिलेले होते. आजोबा एकेक पाकीट दिव्याजवळ धरून मागचा बारीक मजकूर वाचीत होते. आम्हांस पाहून त्यांनी बसा म्हणून खूण केली आणि पुढचे पाकीट उचलले.