मागें पडलेला उमेदवार मैदान कां सोडीत नाहीं?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांत होते. परंतु पक्षाचा उमेदवार कोण, याचा झगडा त्या वर्षाच्या आरंभींच जुंपतो. एकामागून एक राज्यांत प्राथमिक निवडणुका होतात, आणि तेथील मतांवरून पक्षाच्या महाअधिवेशनास जाणारे प्रतिनिधि ठरतात. निम्म्याहून अधिक प्रतिनिधि ज्याच्या बाजूस, तो पक्षाचा अधिकृत उमेदवार. हा क्रम जूनपर्यंत चालतो. त्यांत एक दृश्य वारंवार दिसतें. चार ठिकाणीं हरलेला गृहस्थ, त्याचे दिवस भरले असें वृत्तपत्रें सांगत असतांहि, पांचव्या राज्यांत सभा घेत हिंडत असतो. पाहणारास हा निव्वळ हट्ट वाटतो. कधीं तो हट्ट असतोहि. परंतु पुष्कळदां त्यामागें पक्का हिशेब असतो.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण हा भात एकाच भांड्यांत शिजलेला नसतो. २०२० सालीं डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडन हे आयोवा राज्यांत चौथे व न्यू हॅम्पशायरमध्यें पांचवे आले. हीं दोन्ही राज्यें लहान आणि बहुतांशीं गोऱ्या वस्तीचीं. बायडन थांबले, तें दक्षिण कॅरोलायनासाठीं. कारण तेथें त्या पक्षाच्या मतदारांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा. २९ फेब्रुवारीस तेथें त्यांना जवळजवळ निम्मीं मतें मिळालीं. लागलीच दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, आणि ३ मार्चच्या चौदा राज्यांपैकीं दहा त्यांनीं जिंकलीं. त्याच नोव्हेंबरांत ते अध्यक्ष निवडून आले.

दुसरें कारण नियमांत आहे. डेमोक्रॅटिक पक्षांत १५ टक्के मतें मिळविणारास प्रतिनिधींत प्रमाणशीर वांटा मिळतो. म्हणजे हरणाराहि रिकाम्या हातानें परतत नाहीं. रिपब्लिकन पक्षांत अनेक राज्यें सर्व प्रतिनिधि विजेत्यासच देतात. त्यामुळें तेथें मागें पडलेल्याचा निकाल लवकर लागतो. हातीं प्रतिनिधि असले, म्हणजे पक्षाशीं बोलणी करतां येते. १९८८ सालीं जेसी जॅक्सन दुसऱ्या क्रमांकावर राहूनहि अखेरपर्यंत टिकले. त्यांच्या आग्रहानें नियम बदलले, आणि १९९२ पासून सर्वच राज्यांत त्या पक्षाचे प्रतिनिधि मतांच्या प्रमाणांत वांटले जाऊं लागले. २००८ सालीं याच पद्धतीचा लाभ बराक ओबामा यांना झाला. २०१६ सालीं बर्नी सँडर्स हरले. पण पक्षाचा जाहीरनामा लिहिणाऱ्या पंधरा जणांच्या समितींत पांच माणसें त्यांनीं निवडलेलीं होतीं.

तिसरें कारण पुढच्या वेळेचें. १९७६ सालीं रोनाल्ड रेगन हे आपल्याच पक्षाचे विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध उभे राहिले. न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा, इलिनॉय येथें ते हरले. मोहीम कर्जांत बुडाली. तरी ते हटले नाहींत. २३ मार्चला उत्तर कॅरोलायना त्यांनीं जिंकलें, आणि सामना ऑगस्टांतील कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत नेला. तेथें फोर्ड यांना १,१८७ व रेगन यांना १,०७० मतें पडलीं. त्या वेळीं ते हरले खरे. पण चार वर्षांनीं तेच पक्षाचे उमेदवार व पुढें अध्यक्ष झाले.

परंतु या चिकाटीची किंमत पक्षास मोजावी लागते. १९८० सालीं एडवर्ड केनेडी यांनीं अध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशीं अधिवेशनापर्यंत झुंज दिली. कार्टर यांच्याजवळ पुरेसे प्रतिनिधि होते. तरी केनेडी हटले नाहींत. नोव्हेंबरांत रेगन यांनीं ४४ राज्यें जिंकलीं. महागाई आणि इराणांतील ओलीस यांचा त्या पराभवांत मोठा भाग होता. पण घरांतील फुटीनें कार्टर यांचें बळ खचलें, हेंहि नाकारतां येत नाहीं.

मग योग्य काय? श्रोत्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, बायडन यांची आशा आणि केनेडी यांची आशा आंतून सारखीच दिसत असली पाहिजे. उमेदवारास बहुधा मैदानांतून काढतो तो पैसा. देणग्या आटल्या, कीं गाडी थांबते. पण न्यायाची कसोटी वेगळी आहे. ज्या राज्यांची पाळी अद्याप यावयाची आहे, तेथील मतदारासहि निवड करण्याचा हक्क आहे. १९८० सालीं कॅलिफोर्नियाची पाळी ३ जूनला आली, आणि तेथील डेमोक्रॅटिक मतदारांनीं कौल दिला तो केनेडी यांनाच! हा हक्क संपेपर्यंत टिकणें, यांत दोष नाहीं. दोष आहे तो निकालानंतर अडून बसण्यांत.

२००८ सालीं हिलरी क्लिंटन यांनीं हें अंतर ओळखलें. त्या ३ जूनच्या अखेरच्या मतदानापर्यंत लढल्या. चार दिवसांनीं, ७ जूनला, त्यांनीं मोहीम थांबवून आपल्या अनुयायांस ओबामा यांना साह्य करण्याची विनंति केली. पुढें जानेवारी २००९ मध्यें त्या ओबामा यांच्याच मंत्रिमंडळांत परराष्ट्रमंत्री झाल्या. शेवटचें मत पडेपर्यंत लढावें आणि तें मोजून झालें कीं हात पुढें करावा. लोकशाहींत पराभूतानेंहि राखावयाची मर्यादा ती हीच.